पाटीवरचा देश : लंडनमधील सुपरकार आणि त्यांच्या परदेशी नंबरप्लेट

एमएच-१२ दिसले की गाडी पुण्याची, एमएच-०१ दिसले की मुंबईची आणि जीए दिसले की गोव्याची, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही सांगता येते. एस.टी.च्या खिडकीत बसून हा खेळ कित्येक पिढ्यांनी खेळला आहे. हाच खेळ जगाच्या पातळीवर खेळणारी हौशी मंडळी दर उन्हाळ्यात लंडनच्या नाइट्सब्रिज भागात गळ्यात कॅमेरे अडकवून उभी असतात. त्यांच्यासमोरून जाणाऱ्या गाड्या मात्र साध्या नसतात. बुगाटी, कोनिगसेग, पगानी, लॅम्बोर्गिनी अशा कोट्यवधी रुपयांच्या या मोटारींवर दुबई, दोहा, कुवेत किंवा रियाध येथील पाट्या असतात.

वरवर पाहता हा निव्वळ छंद वाटतो. परंतु परदेशी पाटी वाचण्याच्या या विद्येमागे एक गंभीर प्रश्नही दडलेला आहे. नंबरप्लेट ही मुळात वाहनाची शोभा नसून त्याची जबाबदारी कोणाची, हे सांगणारी खूण असते. गाडी देशाची सीमा ओलांडते तेव्हा पाटी तीच राहते. पण त्या पाटीमागील जबाबदारी तिच्यासोबत सीमा ओलांडते का? लंडनमधील रहिवासी आणि तेथील प्रशासन या प्रश्नाशी गेली अनेक वर्षे झुंजत आहेत.

लंडनच का?

आकडे टिपण्याचा छंद ब्रिटनला नवा नाही. इयन ॲलन या रेल्वे कर्मचाऱ्याने १९४२ मध्ये इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि फलाटावर उभे राहून इंजिनांचे क्रमांक टिपणाऱ्या मुलांची एक पिढीच तेथे तयार झाली. आजचे मोटारींचे निरीक्षक हे त्याच परंपरेतील होत. वहीची जागा कॅमेऱ्याने आणि नंतर मोबाइलने घेतली, इतकाच काय तो फरक.

आखाती देशांत जून ते ऑगस्टमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेथील धनिक कुटुंबे या काळात युरोपात मुक्काम हलवतात आणि त्यांच्यापैकी काही जण आपल्या आवडत्या मोटारी विमानाने अथवा जहाजाने सोबत आणतात. २०१० नंतरच्या काही वर्षांत रमजानचा महिना ऐन उन्हाळ्यात येत असे. त्यामुळे ईद उरकल्यावर पाहुण्यांची आणि मोटारींची एकदम गर्दी होई. चांद्र पंचांगानुसार रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे हंगामाचे हे गणितही बदलत गेले आहे.

कायद्याची सोयही आहे. परदेशात नोंदणी झालेली खासगी मोटार पाहुणा १२ महिन्यांच्या काळात ६ महिन्यांपर्यंत ब्रिटनमध्ये तेथील नोंदणी व रस्ता कर यांशिवाय चालवू शकतो. त्यामुळे मूळ पाटी बदलण्याची गरज पडत नाही. हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानाभोवतीचे रस्ते, स्लोन स्ट्रीट आणि पार्क लेनवरील बड्या हॉटेलांचे दरवाजे ही निरीक्षकांची ठरलेली ठिकाणे. मोनॅको येथील कॅसिनोसमोरचा चौक हे युरोपातील दुसरे तीर्थक्षेत्र मानले जाते.

गाडी ओळखली, पण कोणती?

दुर्मीळ गाडी ओळखणे हा या छंदाचा केवळ पहिला टप्पा आहे. बुगाटी व्हेरॉनच्या ४५० मोटारी बनल्या, पोर्शे ९१८ स्पायडरच्या ९१८, तर मॅक्लारेन पी-१ या मॉडेलच्या ३७५. मॅक्लारेन एफ-१ ही १९९० च्या दशकातील विख्यात मोटार तर सर्व प्रकार धरून अवघ्या १०६ इतकीच तयार झाली. आकार, दिवे आणि मागील पंख पाहून मॉडेल सांगता येते. पण त्या ४५० पैकी ही नेमकी कोणती, हे सांगण्यास रंगसंगतीबरोबर पाटीचाच आधार घ्यावा लागतो. गेल्या वर्षी मोनॅकोत दिसलेली आणि आज लंडनमध्ये उभी असलेली मोटार एकच आहे काय, याचा उलगडा पाटीवरून होतो. दुर्मीळ मोटारींचा प्रवास, विक्री आणि मालकीबदल यांच्या नोंदी निरीक्षक अशाच ठेवतात.

आधी देश, मग क्रमांक

परदेशी पाटी वाचताना पहिला प्रश्न देशाचा असतो. पॅरिस येथे १९०९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात परदेशी जाणाऱ्या मोटारीने पांढऱ्या लंबगोलावर काळ्या अक्षरांत देशाची खूण लावावी, असे ठरले. ती पद्धत आजही टिकून आहे. युरोपीय संघातील देशांच्या पाट्यांवर डाव्या बाजूच्या निळ्या पट्टीत ताऱ्यांच्या वर्तुळाखाली हीच खूण छापलेली असते.

या खुणा नेहमी इंग्रजी नावावरून घेतलेल्या नसतात, हे नवख्याने लक्षात ठेवावे. जर्मनीची खूण डी आहे, कारण जर्मन भाषेत त्या देशाला डॉइचलँड म्हणतात. स्पेनची ई ही एस्पान्यावरून, तर क्रोएशियाची एचआर ही ह्रवात्स्का या नावावरून आली आहे. स्वित्झर्लंडची सीएच ही खूण लॅटिन नावातून आली असून, अनेक जण ती पाहून चीनची गाडी समजतात. एफएल ही अक्षरे लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या संस्थानाची आणि एमसी ही मोनॅकोची. ब्रिटनने २८ सप्टेंबर २०२१ पासून आपली जुनी जीबी ही खूण सोडून यूके स्वीकारली. भारताची खूण आयएनडी आहे. आखाती देशांत कतारसाठी क्यू, कुवेतसाठी केडब्ल्यूटी, सौदी अरेबियासाठी केएसए आणि अमिरातीसाठी यूएई या खुणा वापरल्या जातात.

खूण दिसली नाही तर रंग आणि रचना पाहावी. ब्रिटिश मोटारीची पुढची पाटी पांढरी, तर मागची पिवळी असते. सप्टेंबर २००१ पासून तेथे दोन अक्षरे, दोन आकडे व तीन अक्षरे अशी रचना आहे. त्यातील आकडे नोंदणीचा काळ सांगतात. २४ हा आकडा मार्च २०२४ पासूनचा, तर ७४ हा सप्टेंबर २०२४ पासूनचा. मोनॅकोची पाटी आकाराने लहान, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांची आणि राजचिन्ह असलेली असते. स्विस पाटीवर प्रांताची दोन अक्षरे आणि पुढे केवळ आकडे असतात. मागच्या पाटीवर एका बाजूला देशाची व दुसऱ्या बाजूला प्रांताची ढाल दिसते.

आखाती पाट्यांची भाषा

लंडनमधील हंगामात सर्वाधिक कुतूहल असते ते आखाती पाट्यांचे. दुबईच्या पाटीवर रोमन अक्षरांचा संकेत, अमिरातीचे नाव आणि पाच आकड्यांपर्यंतचा क्रमांक असतो. अबू धाबी व शारजा येथे अक्षराऐवजी अंकी संकेत दिला जातो. त्यामुळे संकेताच्या जागी अक्षर आहे की आकडा, एवढ्यावरून दुबई आणि अबू धाबी वेगळे करता येतात. कतार आणि बहारीनच्या खासगी पाट्यांवर अक्षर नसते, केवळ आकडे असतात. देशाचे नाव पाहूनच त्यांचा निर्णय करावा लागतो. ओमानची खासगी पाटी पिवळ्या रंगाची असल्याने ती दुरूनही ओळखू येते.

सौदी अरेबियाची पाटी सर्वांत बोलकी. तिच्यावर तीन अक्षरे व चार आकड्यांपर्यंतचा क्रमांक असून, हा सर्व मजकूर अरबी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत दिलेला असतो. बाजूला ताडाचे झाड व दोन तलवारी हे राजचिन्ह असते. या पाट्यांसाठी अरबी वर्णमालेतील केवळ १७ अक्षरे निवडण्यात आली असून, प्रत्येकाला एक रोमन अक्षर नेमून दिले आहे. ही जोडी नेहमी उच्चारानुसार जुळत नाही. अरबी मीम या अक्षरासाठी रोमन झेड येते, साद या अक्षरासाठी एक्स, तर ऐनसाठी ई. अरबी वाचता येणारा माणूसही येथे फसू शकतो.

अरबी आकडे मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावेत. हे अंक मुळात भारतातून तेथे गेले आणि अरबी भाषेत त्यांना आजही हिंदी अंक म्हटले जाते. एक हा उभा दंड. दोनाला दांड्यावर एक दाता, तर तिनाला दोन. चार हा इंग्रजी तीन आरशात पाहावा तसा. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो, सात इंग्रजी व्ही या अक्षरासारखा आणि आठ हा त्याच व्हीला उलटा केल्यासारखा. नऊ इंग्रजी नवासारखाच. मराठी वाचकाची हमखास चूक होते ती पाच आणि शून्य यांत. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो, तर अरबी शून्य म्हणजे केवळ एक टिंब. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जात असला, तरी आकडे मात्र आपल्याप्रमाणेच डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात.

पाटी गाडीहून महाग

आखातात पाटीवरील आकड्यांची संख्या मालकाची प्रतिष्ठा सांगते. आकडे जितके कमी, तितकी पाटी दुर्मीळ. अबू धाबीत फेब्रुवारी २००८ मध्ये केवळ १ हा आकडा असलेली पाटी लिलावात ५ कोटी २२ लाख दिरहमना गेली. दुबईतील डी ५ ही पाटी २०१६ मध्ये भारतीय वंशाच्या उद्योजकाने ३ कोटी ३० लाख दिरहम मोजून घेतली. एप्रिल २०२३ मध्ये दुबईतील धर्मादाय लिलावात पी ७ या पाटीला ५ कोटी ५० लाख दिरहमची बोली लागली आणि अबू धाबीचा जुना विक्रम मोडला. या किमतीत अनेक सुपरकार विकत घेता आल्या असत्या. म्हणूनच साध्या दिसणाऱ्या मोटारीवर एक किंवा दोन आकडी पाटी दिसली, तर अनुभवी निरीक्षक शेजारची लॅम्बोर्गिनी सोडून आधी तिच्याकडे वळतो.

हा सोस आपल्याला परका नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचे शुल्क वाढवले, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत चारचाकीच्या ०००१ या क्रमांकासाठी ६ लाख रुपये आकारण्याचे ठरले.

फसगतीच्या जागा

पाटीवरील देश हा नेहमी मालकाचा देश असतोच असे नाही. जर्मन पाटीच्या उजव्या कडेला लाल पट्टी व तीवर तारीख दिसली, तर ती निर्यातीची तात्पुरती पाटी समजावी. गाडी जर्मनीत विकली गेली असून ती दुसऱ्या देशात जाणार आहे, एवढाच तिचा अर्थ. पांढऱ्या जर्मन पाटीवर अक्षरेच लाल असतील आणि आकडे ०६ ने सुरू होत असतील, तर ती विक्रेत्याची किंवा कारखान्याची चाचणीसाठीची पाटी होय. अशी पाटी आज एका मोटारीवर, तर उद्या दुसऱ्या मोटारीवर दिसू शकते.

स्वित्झर्लंडमध्ये पाटी गाडीला नव्हे, तर मालकाला दिलेली असते. गाडी विकली तरी क्रमांक मालकाकडेच राहतो. शिवाय एकाच मालकाच्या दोन वाहनांना एक पाटी आळीपाळीने लावण्याची मुभा आहे. ज्या वाहनावर पाटी आहे तेच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे स्विस क्रमांक जुळला म्हणजे मोटारही तीच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. दुकानांतून मिळणाऱ्या शोभेच्या आखाती पाट्या ही आणखी एक फसगत. मूळ स्थानिक पाटीच्या वर किंवा खाली अशी पाटी लावलेली असेल, तर तिला अर्थ नाही.

जबाबदारी कोठे थांबते?

एखाद्या ब्रिटिश मोटारीने नियम मोडला, तर कॅमेरा तिचा क्रमांक टिपतो, स्वान्सी येथील वाहन परवाना संस्थेच्या नोंदीतून मालकाचा पत्ता मिळतो आणि दंडाची नोटीस घरी पोहोचते. दोहा किंवा रियाध येथे नोंदलेल्या मोटारीचा क्रमांक मात्र या नोंदीत नसतो. छायाचित्र स्पष्ट असते, क्रमांक वाचता येतो, पण पत्र पाठवायचे कोणाला, हे कळत नाही. पाहुणा हंगाम संपताच निघून जातो आणि दंड कागदावरच राहतो.

त्यामुळे प्रशासनाला थेट गाडीवर कारवाई करण्याचा मार्ग धरावा लागतो. जुलै २०१० मध्ये हॅरॉड्सच्या दारातच फिकट निळ्या रंगाच्या कोनिगसेग व लॅम्बोर्गिनी या दोन मोटारींच्या चाकांना जॅमर लावण्यात आले. या मोटारींचा संबंध वृत्तपत्रांनी कतारच्या राजघराण्याशी जोडला होता. हॅरॉड्सची मालकी त्याच वर्षी मे महिन्यात कतारच्या गुंतवणूक कंपनीकडे गेली असल्याने या घटनेची मोठी चर्चा झाली. मार्च २०१६ मध्ये सौदी पाट्यांच्या सोनेरी मोटारींचा ताफा नाइट्सब्रिजमध्ये अवतरला, तेव्हा त्यांच्या काचांवरही दंडाच्या पावत्या चिकटल्या. जॅमरला कोणत्याही परदेशी नोंदवहीची गरज लागत नाही. विमा नसलेले वाहन जागेवरच ताब्यात घेण्याचा अधिकार ब्रिटिश पोलिसांना २००५ च्या कायद्याने मिळाला आहे. ब्रिटनमध्ये पत्ता नसलेल्या चालकाकडून दंडाची रक्कम अनामत म्हणून तेथेच भरून घेण्याची तरतूदही २००९ पासून लागू आहे.

रहिवाशांचे खरे दुखणे मात्र पार्किंगपेक्षा आवाजाचे आहे. मध्यरात्रीनंतर अरुंद रस्त्यांवर इंजिने गरजवणे, एकाच चौकाला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणे, शर्यती लावणे या प्रकारांनी तेथील वृद्धांची आणि लहान मुलांची झोप उडाली. अखेर केन्सिंग्टन आणि चेल्सी या स्थानिक परिषदेने २०१५ मध्ये विशेष आदेश काढून अशा वर्तनास दंडनीय ठरवले. २०२० मध्ये आवाजाची पातळी मोजून वाहनाचे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांचा प्रयोगही याच भागात करण्यात आला. मात्र कॅमेरा कितीही तीक्ष्ण असला, तरी त्याने टिपलेल्या पाटीमागचा माणूस सापडल्याशिवाय कारवाई पूर्ण होत नाही, ही मूळ अडचण कायम राहते.

भारतात काय होते?

मुंबई किंवा दिल्लीच्या रस्त्यावरही क्वचित दुबईच्या अथवा ब्रिटनच्या पाटीची मोटार दिसते. ती बहुधा कार्नेट या सीमाशुल्क दस्तऐवजावर आलेली असते. हा दस्तऐवज म्हणजे गाडीचा पासपोर्टच. ठरलेल्या मुदतीत गाडी देशाबाहेर नेण्याची हमी त्यात असते. ती पाळली नाही, तर आयातशुल्क भरावे लागते. परदेशातून आलेल्या महागड्या तयार मोटारींवर भारतात दीर्घकाळ किमतीइतके किंवा त्याहूनही अधिक शुल्क राहिले आहे. त्यामुळे ही हमी किती मोलाची, हे लक्षात येते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये परदेशी खासगी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार नोंदणीपत्र, चालक परवाना, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र सोबत बाळगावे लागते आणि कागदपत्रे अन्य भाषेत असल्यास त्यांचे इंग्रजी भाषांतरही लागते.

अशी हमी नसताना काय घडते, याचे उदाहरण सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात दिसले. भूतानमार्गे आणलेल्या आलिशान गाड्यांची भारतात बनावट कागदपत्रांद्वारे नोंदणी झाल्याच्या संशयावरून सीमाशुल्क विभागाने ऑपरेशन नुमखोर ही मोहीम राबवली आणि अनेक गाड्या ताब्यात घेतल्या. पाटी भारतीय असली, तरी गाडीचा इतिहास भारतीय असेलच असे नाही, हा त्यातला धडा.

छंदाची मर्यादा

सार्वजनिक रस्त्यावरून मोटारीचे छायाचित्र घेण्यास ब्रिटनमध्ये बंदी नाही. तरीही या छंदाचा रहिवाशांच्या त्रासाशी जवळचा संबंध आहे. कॅमेरे रोखले गेले की चालकाला चेव चढतो. इंजिन गरजते, गाडी झेपावते आणि चांगले छायाचित्र मिळावे म्हणून किशोरवयीन मुले थेट रस्त्यावर उतरतात. सहाशे-सातशे अश्वशक्तीच्या यंत्रासमोर ती काही हातांच्या अंतरावर उभी असतात. त्यामुळे जाणकार निरीक्षक काही पथ्ये पाळतात : पदपथ सोडायचा नाही, चालकाला इंजिन गरजवण्याची खूण करायची नाही आणि मोटार मालकाच्या घराबाहेर उभी असेल, तर तो ठिकाणा जाहीर करायचा नाही.

विमानतळावर पासपोर्ट तपासल्याशिवाय माणसाला प्रवेश मिळत नाही. पाटी हा वाहनाचा रस्त्यावरचा पासपोर्ट आहे. पण तो तपासणारी यंत्रणा अजूनही बहुतांशी आपापल्या देशाच्या सीमेतच काम करते. युरोपीय संघातील देशांनी वाहतूक गुन्ह्यांसाठी मालकांची माहिती परस्परांना देण्याची व्यवस्था २०१५ च्या निर्देशाद्वारे केली. आखात आणि ब्रिटन यांच्यातही तशी व्यवस्था झाली, तर नाइट्सब्रिजच्या रहिवाशांना रात्री झोप लागेल. निरीक्षकांच्या आनंदात त्यामुळे काही उणे येणार नाही, कारण त्यांना मोटार पाहायची असते आणि पाटी वाचायची असते. त्यासाठी मोटारीने मध्यरात्री गरजण्याची आवश्यकता नाही.